समोरचा फोल्डच करत नाही, काय करू?

पत्र

मी पोकरमधलं नो-लिमिट होल्डेम (हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे सामायिक पाच, बेट कितीही) खेळतो. गेली काही वर्षं मन लावून शिकलोय. पोझिशन (कोण आधी बोलतो, कोण नंतर), रेंज (समोरच्याकडे कुठले पत्ते असू शकतात), ब्लफ (हातात काही नसताना लावलेली बेट) किती वेळा करावा, सगळं. पण आमच्या टेबलावर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. नऊ जणांपैकी सहा-सात जण कुठलेही दोन पत्ते घेऊन फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते) बघायला येतात, स्वतः कधी रेझ करत (बेट वाढवत) नाहीत, आणि एकदा का काहीही लागलं की शेवटपर्यंत कॉल करत (बेटएवढेच पैसे भरत) बसतात.

परवा एक्का-राजावर रेझ केलं. फ्लॉप नव्वी-छक्की-तिर्री, टर्न (चौथा पत्ता) दुर्री, रिव्हर (पाचवा) राणी. तिन्ही वेळा बेट लावली, रिव्हरला ६०० च्या पॉटमध्ये (मधल्या ढिगात) ४००. समोरच्याने छक्कीची जोडी दाखवून पॉट नेला. ५-१० च्या ब्लाइंडवर (पत्ते बघण्याआधीच दोघांनी भरायच्या रकमा) एक्क्यांच्या जोडीने ४० चं रेझ केलं, तर पाच जण आत आले आणि एकाने सत्ती-चौकीच्या दोन जोड्या करून मला झोपवलं. एकदा एक्का-राणी होती. फ्लॉप राणी-सत्ती-तिर्री, टर्न दुर्री, रिव्हर गुलाम, फ्लशचा (एकाच रंगाच्या पाच पत्त्यांचा) प्रश्न नव्हता. तरी ५०० चा पॉट बघून धीर झाला नाही, चेक केलं, म्हणजे बेट लावलीच नाही. त्याच्याकडे निघाली राणी-नव्वी! आणि ज्याने संध्याकाळभर एकदाही रेझ केलं नव्हतं त्याने टर्नला माझ्या बेटवर तिप्पट रेझ केलं. मी चिडून कॉल केला. पंजीचा सेट, म्हणजे तीन पंज्या.

प्रत्येक डावानंतर समजावून सांगतो की तुमचा कॉल का चुकीचा होता, तरी सुधारत नाहीत. गाढवापुढे वाचली गीता! यांना फोल्ड करायला, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडायला, लावायचं कसं? की सरळ मोठ्या ब्लाइंडच्या टेबलावर जाऊ, जिथे लोक निदान माझ्या बेटला मान देतील?

— वैतागलेला एक्का

उत्तर

प्रिय वैतागलेले एक्का,

त्या म्हणीत चूक गाढवाची नाही, गीता वाचायला बसणाऱ्याची आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: यांना फोल्ड करायला लावता येत नाही आणि लावूही नये. तुम्ही जे शिकलात त्याचा बराच भाग 'समोरचा कधीकधी फोल्ड करतो' या गृहीतावर उभा आहे. ते गृहीत तुमच्या टेबलावर लागू नाही. मग त्यावर उभं असलेलं सगळं बाजूला ठेवायचं आणि जे उरतं त्यावर खेळायचं. उरतं ते पुष्कळ आहे.

तुमच्या एक्का-राजापासून सुरुवात करू, कारण त्या डावात तुम्हाला वाटतं त्याहून जास्त काही दडलंय. ६०० च्या पॉटमध्ये ४०० ची बेट. हा ब्लफ नफ्या-तोट्याविना सुटायलासुद्धा समोरच्याने १०० पैकी ४० वेळा फोल्ड करायला हवं. तुम्ही ज्यांचं वर्णन केलंय ते दहात एकदा करत असतील तर? दहात एकदा ६०० मिळतात, नऊदा ४०० जातात. सरासरी काढली तर त्या एका बेटमागे ३०० चिप्स गेल्या. इथवर तुम्हीही गणित केलं असेल. पण त्या दहातल्या एका वेळी फोल्ड करतो तो कोण, ते पाहिलंत का? छक्कीवाला नाही, तिर्रीवालाही नाही. फोल्ड करतो तो अठ्ठी-सत्ती घेऊन स्ट्रेटची (लागोपाठच्या पाच पत्त्यांची) वाट बघत बसलेला आणि ती हुकलेला. आणि त्याला तर तुमचा एक्का नुसता चेक करूनही हरवत होता! म्हणजे ब्लफ फसला तेव्हा ४०० गेले, आणि लागला तेव्हा जो पॉट फुकट मिळणार होता तोच मिळाला. जो माणूस सगळे ड्रॉ (अजून पूर्ण व्हायचे हात) घेऊन रिव्हरपर्यंत येतो त्याच्यासमोर नुसत्या एक्क्याला किंमत असते. ती रिव्हरला चेक करून वसूल करायची.

तर ब्लफ कायमचा बंद का? जवळजवळ. एक अपवाद मी ठेवतो. फ्लॉपवर तुमच्यासमोर एकच माणूस आहे, बोर्ड (टेबलावरचे उघडे पत्ते) कोरडा आहे, म्हणजे त्यावर ड्रॉ फारसे नाहीत, आणि तुम्ही पॉटच्या एक तृतीयांश एवढी छोटी बेट लावता. तिला चारात एकदा फोल्ड मिळालं तरी पुरतं. जोडी नसलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरं काही लागण्याची शक्यता ३२ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे तिनात दोनदा त्याच्या हाती काहीच नसतं, आणि काहीच नसताना हे लोकही कधीमधी सोडतात. त्याने कॉल केला की मात्र संपलं. टर्नला दुसरी गोळी नाही, रिव्हरला तिसरी तर नाहीच. समोर तीन जण असतील तर पहिलीसुद्धा नाही.

आता एक्क्यांची जोडी. तुमची तक्रार 'पाच जण आले' ही आहे. ही तक्रार मी पोकर खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकलेली आहे, आणि ती आकड्यांपुढे टिकत नाही. एक्क्यांची जोडी एका माणसाच्या कुठल्याही पत्त्यांविरुद्ध साधारण ८५ टक्के वेळा जिंकते. दोघांविरुद्ध ७३, तिघांविरुद्ध ६४, चौघांविरुद्ध ५६, आणि पाचांविरुद्ध ४९. तर हो, पाच जण आले की तुम्ही जिंकण्यापेक्षा हरण्याची शक्यता किंचित जास्त. पण चिप्स मोजा. तुमच्या ४० वर एक जण आला: पॉट ८०, त्यातला तुमचा सरासरी वाटा ६८, नफा २८. पाच जण आले: पॉट २४०, वाटा ११८, नफा ७८. पॉट कमी वेळा मिळतो आणि चिप्स जवळजवळ तिप्पट येतात. तुम्ही संध्याकाळी घरी जाताना पॉट नेत नाही, चिप्स नेता.

(हे आकडे सगळे पत्ते उघडेपर्यंत कुणी आणखी काही घालत नाही असं धरून आहेत. प्रत्यक्षात पुढच्या बेटा असतात, आणि गर्दीत एका जोडीवर जीव टाकला की हा नफा परतही जातो. त्याकडे येतो.)

त्या डावात खरी चूक होती ती ४० या आकड्यात. जे लोक ४० ला येतात ते ७० लाही येतात. त्यांच्या डोक्यात 'हे पत्ते खेळायचे' आणि 'हे नाही खेळायचे' असे दोनच कप्पे असतात. किंमत त्यांना फारशी दिसत नाही. समजा तुम्ही ८० केलं असतं आणि दोघेच आले असते. पॉट तोच २४०, पण आता तुमचा वाटा १७५, नफा ९५, शिवाय पुढे सांभाळायला दोनच माणसं. आणि ८० ला पाचही जण आले तर? नफा १५५. दोन्हीकडून तुमचीच चांदी. म्हणून चांगल्या पत्त्यांवर रेझ वाढवत न्या. आधीच कुणी लिंप करून (नुसती बिग ब्लाइंड, म्हणजे ५-१० मधले १०, भरून) बसले असतील तर प्रत्येकामागे एक बिग ब्लाइंड आणखी, आणि तरीही चौघे येत असतील तर पुढच्या वेळी त्याहून वर. चांगल्या खेळाडूंसमोर असं पत्त्यांप्रमाणे रेझचा आकार बदलणं म्हणजे पत्ते उघडे ठेवून खेळणं होईल. इथे तुमच्या रेझचा आकार कुणी लक्षात ठेवत नाही. कुणी ठेवतोय असं दिसलं तर त्या एका माणसापुरतं जपा.

कुठले पत्ते खेळायचे, यावर फार वेळ घालवत नाही. मोठे पत्ते मोठ्या किकरसह (जोडीबरोबरच्या दुसऱ्या पत्त्यासह) वधारतात, कारण समोरचा एक्का-पंजी घेऊन येतो, एक्का लागतो, आणि तुमच्या एक्का-राणीला तीन रस्त्यांवर (फ्लॉप, टर्न आणि रिव्हरला) पैसे देतो. एक्का आणि त्याच्याच रंगाचा दुसरा पत्ता वधारतो, कारण छोट्या फ्लशवाला तुमच्या मोठ्या फ्लशला सोडत नाही. छोट्या जोड्या स्वस्तात बघाव्यात. सेट साधारण साडेआठ वेळांत एकदा लागतो, पण लागला की हे लोक पूर्ण स्टॅक (समोरच्या सगळ्या चिप्स) देतात. दोघांचाही स्टॅक भरायच्या रकमेच्या निदान पंधरा पट हवा, नाहीतर हिशोब बसत नाही. घसरतात ते छक्की-पंजीसारखे छोटे लागोपाठचे पत्ते. कागदावर त्यांची बरीचशी किंमत समोरच्याला पळवून लावण्यातून येते, आणि इथे कुणी पळत नाही.

आता ज्या डावाबद्दल तुम्ही सगळ्यात कमी कुरकुर केलीय आणि ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे तो: एक्का-राणी, आणि रिव्हरला केलेला चेक. तुम्ही तो पॉट जिंकलात, म्हणून तो डाव तक्रारींच्या यादीत जाता जाता आला. माझ्या मते तुमच्या चार डावांतली सगळ्यात महाग सवय तीच.

बोर्ड राणी-सत्ती-तिर्री-दुर्री-गुलाम. फ्लश नाही. स्ट्रेट कुणाची होऊच शकत नाही, तपासून पाहा. पॉट ५००. समजा तुम्ही ३०० लावले असते. कॉल करणाऱ्याच्या हातात काय काय असू शकतं ते एकदा मोजूच, कारण भीती ही न मोजलेल्या गोष्टींचीच वाटते. एक राणी तुमच्याकडे, एक बोर्डवर, उरल्या दोन. राणी-गुलाम सहा प्रकारे, राणी-सत्ती सहा, राणी-तिर्री सहा, राणी-दुर्री सहा. गुलाम-सत्ती नऊ. सत्ती, तिर्री, दुर्रीचे सेट प्रत्येकी तीन, मिळून नऊ. तुम्हाला हरवणाऱ्या या हातांची बेरीज ४२. आणि यातले बरेचसे एव्हाना टर्नलाच जागे झाले असते, ते मी तुमच्या भीतीच्या मानाखातर सोडून देतोय.

आता तुम्ही ज्यांना हरवता ते. राणी-राजा, राणी-दश्शी, राणी-नव्वी, राणी-अठ्ठी, प्रत्येकी आठ, म्हणजे ३२. सत्तीची जोडी घेऊन बसलेले: एक्का-सत्ती नऊ, नव्वी-सत्ती, अठ्ठी-सत्ती, सत्ती-छक्की प्रत्येकी बारा, मिळून ४५. हातातल्या दश्शीच्या, नव्वीच्या, अठ्ठीच्या जोड्या, प्रत्येकी सहा, म्हणजे १८. एकूण ९५. छोट्या किकरच्या राण्या, राजा-सत्ती, नुसती गुलामाची जोडी लागलेले, हे मी धरलेच नाहीत, आणि दुसऱ्या बाजूने गुलामाचा सेट, हातातल्या एक्क्या-राजांच्या जोड्या, सत्ती-तिर्रीसारख्या छोट्या दोन जोड्याही नाहीत.

९५ विरुद्ध ४२. तुमचं वर्णन खरं असेल तर हे सगळेच्या सगळे कॉल करतात. मग त्या ३०० च्या बेटवर, जेव्हा जेव्हा कॉल येतो, तेव्हा तुम्हाला सरासरी ११६ चिप्स सुटतात. शेवटी कॉल येऊन पत्ते उघडले की निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही पुढे असाल, तर बेट लावायचीच. अट इतकीच आहे. इथे ती ६९ टक्के वेळा पुरी होते. आणि समजा त्या ९५ पैकी निम्मे त्या दिवशी शहाण्यासारखे वागून फोल्ड झाले, तरी ४७-४८ उरतात. अजूनही ४२ पेक्षा जास्त.

तुम्ही चेक केलंत आणि जिंकलात, म्हणून ते पैसे गेल्याचं कुठे दिसत नाही. ब्लफमध्ये गेलेले ४०० डोळ्यासमोर सरकत जातात. न लावलेल्या बेटचे पैसे कुणी मोजत नाही. पण या टेबलावरचा जवळजवळ सगळा नफा याच जागी आहे. मधली जोडी घेऊन रिव्हरला कॉल करणारा माणूस ही या खेळातली सगळ्यात मोठी मिळकत आहे, आणि तुम्ही त्याला चेक करून मोकळं सोडता, मग एक्का-राजाचा ब्लफ करून त्यालाच ४०० देता. नेमकं उलट करायचं. जिथे भीती वाटते तिथे लावायचे आणि जिथे शौर्य सुचतं तिथे थांबायचं.

बेट किती मोठी? मोठी. टर्नला पॉट ३००, तुमची टॉप पेअर (बोर्डवरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी), समोरच्याचा फ्लशचा ड्रॉ. एका पत्त्यात त्याची फ्लश लागण्याची शक्यता १९-२० टक्के. तुम्ही १५० लावले तर तो ६०० च्या पॉटमधल्या पाचव्या हिश्श्यासाठी १५० देतो, सरासरी ३३ चिप्स हरतो. तुम्ही ३०० लावले तर ९०० च्या पॉटसाठी ३०० देतो आणि सरासरी १२४ हरतो. तो दोन्ही वेळा कॉल करणारच आहे. मग ३३ का घ्यायचे? 'मोठी बेट लावली तर पळून जाईल' ही धास्ती चांगल्या खेळाडूंसमोरची आहे.

याला जोडूनच एक शिस्त लागते, नाहीतर वरचं सगळं पाण्यात. रिव्हरला तिसरा बदाम पडला आणि आतापर्यंत गप्प असलेला तोच माणूस आपणहून बेट लावतो, तर पत्ते टाका. तिथे तुम्ही कॉल करून पैसे दिलेत की टर्नवर त्याने केलेली चूक मागे जाऊन बरोबर ठरते.

तुमच्या पंजीच्या सेटचा डावही हाच. ज्याने संध्याकाळभर रेझ केलं नाही त्याने टर्नला तिप्पट केलं. ही माणसं ब्लफ करत नाहीत. टॉप पेअरवर रेझ करत नाहीत. कित्येकदा दोन जोड्यांवरही नुसताच कॉल करतात. त्यांचं टर्नचं किंवा रिव्हरचं रेझ म्हणजे सेट, स्ट्रेट, फ्लश. फार तर मोठ्या दोन जोड्या. एक जोडी असेल तर, ती एक्क्यांची का असेना, सोडून द्या. विचार करत बसू नका. त्याने नेमका याच वेळी ब्लफ केला असेल का, हा प्रश्न मनात येईल. येऊ द्या, पत्ते तोवर टाकलेले असावेत. तुम्ही लिहिलंय 'चिडून कॉल केला'. रेझ ऐकून तुम्हाला कळलं होतंच, नाही का?

मात्र हे सगळं खऱ्या अर्थाने निवांत असलेल्या माणसांपुरतं आहे. वाटेल त्या पत्त्यांवर येणारा पण सतत बेट आणि रेझ करणारा माणूस हा वेगळा प्राणी आहे. त्याच्या रेझवर टॉप पेअर टाकत बसलात तर तो तुम्हाला सोलून काढेल. म्हणून दोन्ही एकाच पोत्यात घालू नका. पहिला तासभर कोण लिंप करतो, फ्लॉपआधी कुणी रेझ केलं, शोडाउनला (शेवटी पत्ते उघडताना) काय दाखवलं, एवढंच लक्ष ठेवून पाहा. तुम्ही नसलेल्या डावांत तुम्हाला दुसरं काम तरी काय असतं?

सापळे लावणं बंद करा, हेही याच ओघात. सेट लागला की चेक करून वाट बघायची, समोरच्याने बेट लावली की रेझ करायचं, ही युक्ती त्याच्या बेटवर अवलंबून आहे. तो बेट लावत नाही. तो चेक करतो, फुकट पत्ता बघतो, आणि तुमच्या सेटला एक रस्ता कमी मिळतो. चेक-रेझचंही तेच. मोठा हात लागला की लगेच, तिथल्या तिथे, मोठी बेट. त्यांच्या गप्प बसण्याचा उपयोग तुमच्या ड्रॉला आहे. तुमच्याकडे ड्रॉ असेल आणि तुम्ही शेवटी बोलणार असाल तर चेक करून पुढचा पत्ता फुकट घ्या. एक गंमत यात आहे. फ्लॉपवर एक्क्याचा फ्लश ड्रॉ आहे आणि तीन जण कॉल करणार हे ठाऊक आहे. दोन पत्त्यांत फ्लश ३५ टक्के वेळा लागते, आणि चौघांत मिळून जाणाऱ्या पैशांतला तुमचा भाग फक्त २५ टक्के. मग ती बेट ब्लफ उरत नाही, कमाईची होते.

गर्दीबद्दल आणखी एक गोष्ट, कारण 'प्रत्येक वेळी कुणीतरी मला मारतोच' हे तुमच्या पत्राच्या ओळीओळीतून ऐकू येतं. टर्नला तुम्ही पुढे आहात. समोर तिघे: एकाला फ्लशचे नऊ पत्ते चालतात, एकाला आतल्या स्ट्रेटचे (मधला एकच पत्ता कमी असलेल्या) चार, एकाला जोडीवर सुधारायला पाच. सगळे वेगळे धरले तर अठरा. बोर्डचे चार आणि चौघांच्या हातातले आठ वजा केले की उरले ४० पत्ते. म्हणजे १०० पैकी ४५ वेळा कुणीतरी तुम्हाला मारणार. जवळजवळ एकाआड एक! तरीही त्या रस्त्यावर प्रत्येकजण पावहिस्सा घालतोय आणि तुमचा वाटा ५५ टक्के आहे. सौदा उत्तमच आहे. फक्त इथे एक खाचही आहे. या गर्दीत फ्लशवाला मूर्खपणा करत नाहीये. आधीचा पॉट आणि बाकीच्यांचे पैसे धरले तर त्याचा कॉल बरोबर आहे, आणि आतल्या स्ट्रेटवाल्याने भरलेल्या चिप्समधून त्यालाही वाटा मिळतो. अँडी मॉर्टन यांच्या नावाने ओळखलं जाणारं एक प्रमेय आहे, ते याच्याशीच खेळतं: गर्दीच्या पॉटमध्ये कुणीतरी बरोबर फोल्ड केलं तरी तुमचा फायदा होऊ शकतो, कारण त्याचे पैसे नाहीतर तुमच्याऐवजी तिसऱ्याकडे गेले असते. म्हणून फ्लॉपआधीच रेझ मोठं करून दोघा-तिघांवर आणणं बरं, असं मी वर म्हटलं.

हेलकाव्यांचं बोलू. हे टेबल नफ्याचं आहे म्हणजे दर आठवड्याला नफा देईल, असं नाही. समजा तुम्ही चांगलं खेळता आणि दर १०० हातांमागे सरासरी १० बिग ब्लाइंड कमावता. नो-लिमिटमध्ये १०० हातांचं प्रमाण विचलन (सरासरीपासूनचा नेहमीचा चढउतार) ९० बिग ब्लाइंड धरणं वावगं नाही. तर २,५०० हातांनंतर, म्हणजे तासाला ३० हात धरले तर चार तासांच्या वीसेक बैठकांनंतर, तुमच्यासारख्याच दहा चांगल्या खेळाडूंपैकी जवळजवळ तिघे तोट्यात असतील. १०,००० हातांनंतरही आठात एक. या टेबलावर पॉट मोठे आणि शोडाउन जास्त, त्यामुळे हेलकावे आणखी टोचतात. वीस-तीस बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायच्या चिप्सची रक्कम) बाजूला ठेवलेले हवेत, आणि ते गेले तर बाकी आयुष्याला धक्का लागू नये असे. तेवढे नसतील तर ब्लाइंड लहान करा. हरलेले वसूल करायला त्याच रात्री पुन्हा चिप्स घेण्याची सवय असेल तर यातलं कुठलंही गणित तुमच्या कामाचं नाही, तेव्हा आधी खेळ थांबवा.

मोठ्या ब्लाइंडच्या टेबलावर जाऊ का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तिथे तुमच्या बेटला मान मिळेल, खरं आहे. एक्का-राजाचा तिसरा ब्लफ तिथे कदाचित चालेल. पण जे लोक तुमच्या बेटला मान देतात ते तुमच्या एक्का-राणीला राणी-नव्वीवर तीन रस्ते पैसे देत नाहीत. ते रिव्हरला फोल्ड करतात, नाहीतर तुमच्यावर रेझ करतात, आणि तेव्हा ते रेझ खरं की खोटं हे ठरवण्यात तुमची रात्र जाते. ज्या टेबलावर समोरचे कमकुवत पत्त्यांवर पैसे भरतात तिथून उठून, जिथे भरत नाहीत तिथे जास्त पैसे घेऊन बसायचं, ही कल्पना फायद्यापेक्षा मानाची वाटते. जायचं तर शिकायला जा, आणि तिथे जिंकता येतं असं दिसल्यावर राहा. एक गोष्ट मात्र वर जाण्याच्या बाजूने मान्य करतो: खेळवणारा प्रत्येक पॉटमधून रेक (स्वतःचा वाटा) कापत असेल तर छोट्या ब्लाइंडवर तो ब्लाइंडच्या मानाने जड पडतो. रेक किती आणि त्याला वरची मर्यादा आहे का, हे विचारून घ्या. भारी असेल तर छोटे, किरकोळ पॉट सोडून देणं आणखी शहाणपणाचं.

राहिलं ते तुमचं शिकवणं. डाव संपल्यावर समोरच्याला त्याचा कॉल का चुकीचा होता हे तुम्ही समजावून सांगता, असं लिहिलंय. समजा त्याने ऐकलं, तर? तुमच्या मिळकतीचा झरा तुम्ही स्वतःच्या हाताने बुजवताय, आणि शिवाय तो संध्याकाळ मजेत घालवायला आलाय, शिकवणी घ्यायला नाही. ती शिकवणी आजपासून बंद. कुणी आपणहून विचारलंच, की काय हो, सत्ती-चौकीवर यायला नको होतं का मी, तर 'लागले ना पत्ते' म्हणा आणि वाटणाऱ्याला पत्ते वाटायला सांगा.